दोन सीटच्या गाडीचं इंजन

मांजरसुंब्याच्या फाट्यावर कासम मिस्तरीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रा आणि समोर एक लिंबाचं झाड. घाट चढून दमलेल्या ट्रका तिथं येऊन उभ्या राहायच्या. कासम आधी गाडीसमोर उकिडवा बसायचा, चहा मागवायचा आणि चहा संपेपर्यंत नुसतं बघायचा. ड्रायव्हर विचारायचा, "व्हईल का मिस्तरी?" कासम म्हणायचा, "बघू." हो किंवा न्हाई हे शब्द त्याच्या तोंडून सहसा निघत नसत. निकाहाच्या वेळी काजीसाहेबांनी 'कबूल है?' विचारलं तेव्हाही हा जरा थांबला होता, असं त्याची बायको हमीदा सांगायची. तेवढं थांबणं तिनं पुढं कधी विसरू दिलं नाही.

तरुणपणी तो हैदराबादेत मामाच्या ओळखीनं एका उस्तादाच्या हाताखाली राहिला होता. तिथं बड्या घरांतल्या विलायती गाड्या यायच्या. कासमकडं काम होतं ते रॉकेलच्या घमेल्यात नटबोल्ट धुण्याचं. इंजिनाला हात लावायची परवानगी नव्हती. उस्ताद म्हणायचा, आधी धुता तर येऊ दे. उस्ताद वारला तोपर्यंत कासमला धुता येतं की नाही याचा निकाल लागला नव्हता. मग तो गावाकडं आला, ट्रका दुरुस्त करू लागला, संसाराला लागला आणि विलायती गाडीचं इंजन उघडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. तसं त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. विचारलंही कुणी नव्हतं.

सुंदरराव हे एका नियोजित सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. कारखान्याला चेअरमन होता, संचालक मंडळ होतं, हजारावर सभासद होते, रस्त्याच्या कडेला पाटी होती. कारखाना तेवढा नव्हता. यंत्रसामग्रीची चौकशी करायला सुंदरराव एकदा पुण्याला गेले आणि येताना लाल रंगाची, वरून उघडी, दोन सीटची एक जुनी विलायती गाडी घेऊन आले. यंत्रसामग्रीचं काय झालं, असं संचालकांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "चौकशी चालू हाय."

गाडी जमिनीला एवढी चिकटून चालायची की बैलगाडीतला माणूस खाली वाकून चेअरमनला रामराम घालायचा. एका सीटवर ड्रायव्हर राधाकिशन, दुसऱ्या सीटवर सुंदरराव. एका हातानं ते टोपी धरायचे, दुसऱ्या हातानं लोकांचे नमस्कार घ्यायचे. गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती, त्यामुळं "मला बी घेऊन चला" असं कुठला संचालक म्हणू शकत नव्हता. गाडीचा खरा फायदा हाच आहे, असं राधाकिशनचं मत होतं.

शहाऐंशी-सत्याऐंशीचा दुष्काळ पडला. पाऊस आधीच्या साली कमी झाला होता, त्या साली तेवढाही झाला नाही. बिंदुसरेच्या तलावात ढेकळं दिसायला लागली. घाटाखालच्या पाली गावातल्या बाया टँकरची वाट बघत रस्त्याच्या कडेला घागरी मांडून बसायच्या. अशा एका दुपारी सुंदररावांची गाडी पालीच्या पुढं घाटाला लागली आणि समोरून वाफ निघायला लागली. राधाकिशन पाणी आणायला मागं पायी पालीला गेला. बायांनी त्याला विचारलं, "पाणी माणसाला पाह्यजे का मोटारीला?" तो खरं बोलला, त्यामुळं त्याला एकच तांब्या मिळाला.

तो तांब्या घेऊन परत आला तोवर सुंदररावांच्या घशाला कोरड पडली होती. अर्धा तांब्या चेअरमन प्याले, अर्धा गाडीला पाजला. तापून लाल झालेल्या इंजिनात गार पाणी गेलं आणि आतून काहीतरी कट्कन वाजलं. राधाकिशन म्हणाला, "आण्णा, गाडीनं काहीतरी म्हणलं बघा." मग गाडी काही बोलली नाही. एका शेतकऱ्याची बैलं जुंपून तिला घाटावर ओढली आणि कासम मिस्तरीच्या पत्र्याखाली आणून सोडली.

कासमनं चहा मागवला. गाडीच्या अवतीभवती फिरला. बोनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. इंजिनाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत चीर गेली होती, उन्हाळ्यात काळ्या रानाला जाते तशी.

"काय म्हणती?" सुंदररावांनी विचारलं.

"ब्लॉक तडकलाय, आण्णा. हे इंजन आता कामाचं न्हाई."

कासम मिस्तरीनं 'न्हाई' म्हटलेलं राधाकिशननं पहिल्यांदाच ऐकलं. त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं.

"दुसरं इंजन मिळंल का ह्याच्यासारखं?"

"हितं न्हाई. मुंबईला बी अवघडंच."

सुंदररावांनी जरा विचार केला. कारखान्याची एक जीप आदल्या वर्षी केजच्या रस्त्यावर उलटली होती. तिचा सांगाडा गेला होता, पण डिझेल इंजन चांगलं होतं आणि गोदामात झाकून ठेवलेलं होतं. "जीपचं इंजन हिच्यात बसंल का?" त्यांनी विचारलं. "येत्या रविवारी कारखान्याची वार्षिक सभा हाय. मला गाडीतून जायचंय."

"बघू," कासम म्हणाला.

पण त्या दिवशी घरी गेल्यावर तो जेवताना हमीदाला म्हणाला, "विलायती इंजन निकालना है." घरात ते दखनीत बोलायचे. हमीदानं भाकरी वाढता वाढता त्याच्याकडं बघितलं. हा माणूस स्वतःहून कामाचं बोलतोय म्हणजे ताप तर नाही ना, म्हणून तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. ट्रकवाल्यांना त्यानं सांगितलं, पलीकडच्या गॅरेजात जा. बोनेट काढून भिंतीला टेकवलं, रेडिएटर उतरवला. हमीदाच्या जुन्या लुगड्याच्या रंगीत चिंध्या फाडून एकेका वायरीला बांधल्या, जोडताना चुकायला नको म्हणून. सायलेन्सरचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांना त्यानं रात्रभर तेल पाजलं आणि सकाळी पान्याला पाइप लावून जोर केला. एक सुटला, एक मोडला, एकानं त्याच्या बोटांची साल काढली. निघालेला प्रत्येक नटबोल्ट तो रॉकेलच्या घमेल्यात टाकायचा आणि धुवायचा. ट्रकचे नटबोल्ट तो कधी धूत नसे. हमीदा जेवण घेऊन आली, तिनं ते बघितलं आणि बसून धुवायला लागली.

असं करत करत इंजन फक्त आपल्या पायांवर टेकलेलं राहिलं. आता ते वर उचलायचं होतं. तिथं अडलं.

कासमची साखळीची पुली एका विहिरीवर गेली होती. दुसऱ्या गॅरेजवाल्याची दुसऱ्या विहिरीवर. दुष्काळात अख्ख्या तालुक्यात जिथं तिथं विहिरी खोल करणं चालू होतं आणि उचलायचं म्हणून जे जे साधन होतं ते सगळं विहिरीच्या काठावर उभं होतं. दोर टाकून लिंबाच्या फांदीला टांगावं म्हटलं तर फांदी कुठं होती? शेळ्यांना पाला म्हणून लोकांनी झाड खालपासून शेंड्यापर्यंत छाटून नेलं होतं. नुसतं खोड उभं होतं.

फाट्याच्या खालच्या अंगाला रोजगार हमीतून एक सामुदायिक विहीर चालू होती. तिच्यावर यारी होती; विहिरीतला मुरूम-दगड बादलीनं वर काढून बाजूला टाकणारी, डिझेलवर फिरणारी. तिथली मुकादम बायनाबाई. एरवी ती दर साली ऊसतोडीची टोळी घेऊन जायची. त्या साली ऊसच नव्हता, म्हणून तीच टोळी घेऊन ती विहिरीत उतरली होती. नवरा होता, पण हिशेबात नव्हता.

कासम तिच्याकडं गेला. "आक्का, यारी जरा पाह्यजे होती."

"कशाला?"

"मोटारीतलं इंजन उचलायचंय. चेअरमनच्या."

"यारी पाण्यासाठी हाय, कासमभाई. मोटारीसाठी न्हाई."

कासम उभा राहिला. तो उभा राहिला की उभाच राहायचा. शेवटी बायनाबाईलाच कसंतरी वाटलं. "ह्या यारीचं मशीन मागल्या महिन्यात बंद पडलं व्हतं, तवा तुमीच आलते," ती म्हणाली. "उद्या दुपारी सुरुंग उडवायचाय. उडवल्यावर धुरळा बसंस्तोवर कुणी खाली उतरत न्हाई. तेवढ्यात उचला काय उचलायचं ते. आन् धुरळा बसला की मोटार बाजूला."

दुसऱ्या दिवशी सुरुंग उडाला, दगड पडायचे थांबले आणि टोळीतल्या गड्यांनी लाल गाडी ढकलत विहिरीच्या काठाशी आणली. मागून बैलगाडीत जीपचं इंजन आलं, कारण हे निघालं की लगेच ते बसवायचं होतं. राधाकिशन ढकलायला उतरला नाही. "आण्णांनी सांगितलंय, गाडी सोडू नको," असं म्हणून तो स्टेअरिंग धरून बसला. बाया भाकरी सोडून बघायला उभ्या राहिल्या.

कासमनं इंजिनाला साखळी घातली, हातानं ओढून बघितली आणि यारीवर बसलेल्या गहिनीनाथला खूण केली. यारी गुरगुरली. साखळी ताणली गेली. इंजन उचललं, आणि त्याच्यासंगं गाडीचं तोंडही उचललं. पुढची चाकं जमीन सोडून वर आली. राधाकिशन स्टेअरिंग धरून आभाळाकडं तोंड करून बसलेला राहिला.

"मिस्तरी," तो वरून म्हणाला, "हे असंच असतंय का?"

"खाली घे," कासम गहिनीनाथला म्हणाला.

गाडी खाली आली. कासम तिच्याखाली शिरला. गिअरबॉक्सचा एक बोल्ट तसाच राहिला होता, अगदी वरच्या अंगाला, बोटालाच सापडेल असा. त्यानं तो काढला. बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. छबुबाई नावाची एक म्हातारी मजूर होती, ती म्हणाली, "काही न्हाई रं बाबा, माझ्या बाळंतपणात सुईणीनं बी असंच केलतं." बाया हसल्या. कासमनं मान खाली घालून परत खूण केली.

या वेळी इंजन एकटं निघालं. इकडून तिकडून तेल ठिबकत, जरासं डुलत, सगळं उघडं पडलेलं. कासमनं आयुष्यात पुष्कळ इंजिनं उतरवली होती. ती सगळी दणकट, कुरूप, कामाची होती. हे तसं नव्हतं. त्याच्या नळ्यासुद्धा कुणीतरी मन लावून वाकवल्या होत्या. तडा गेलेली बाजू पलीकडं फिरली तेव्हा तर ते धडधाकटच वाटलं. कासम तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिला. खाली उतरव, हे सांगायचं तो विसरला.

गहिनीनाथचे हात यारीवर सवयीनं चालायचे. काठावर काम झालं की यारी विहिरीवर न्यायची, ही सवय. त्यानं ती नेली. विलायती इंजन सावकाश फिरलं आणि विहिरीच्या बरोबर मधोमध जाऊन टांगलं.

"आरं ए! कुठं नेलाव बे?" राधाकिशन ओरडला.

सगळे काठाकडं धावले. ऊन डोक्यावर होतं, विहिरीच्या तळापर्यंत उजेड गेला होता. धुरळा बसला होता. छबुबाईनं वाकून खाली बघितलं, वर बघितलं, परत खाली बघितलं.

"दोन हायत का इंजनं?" तिनं विचारलं. "खाली बी एक हाय."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग बायनाबाईनं पायाजवळचा खडा उचलून विहिरीत टाकला. खालचं इंजन थरथरलं आणि मोडून गेलं. डुबुक असा आवाज वर आला.

बायनाबाई खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला. नंतर उठून पहिल्यासारख्या आवाजात म्हणाली, "गहिनीनाथ, ते बाजूला घे. पाण्यात तेल ठिबकाया लागलंय."

सुरुंगानं झरा फुटला होता आणि पाणी चढत होतं. ही आनंदाची गोष्ट होती तशी अडचणीचीही होती. पाणी उपसल्याशिवाय खाली राहिलेले दगड निघणार नव्हते, अन् विहीर अर्धवटच राहणार होती. पंप आलेला होता; तो काठावर पोत्याखाली झाकलेला होता. विजेचा खांब यायचा होता. खांब कधी येणार, हे कुणाला माहीत नव्हतं.

बायनाबाईची नजर बैलगाडीकडं गेली.

"कासमभाई, जीपचं इंजन पाणी वढंल का?"

कासमनं ते ऐकलं आणि तो बघू म्हणाला नाही. त्यानं लाल गाडीकडं बघितलं. पुढून पोकळ झालेल्या त्या गाडीत जीपचं इंजन कसं बसेल, हे गेले काही दिवस तो झोपेतसुद्धा मोजत होता. बोनेटला वर भोक पाडावं लागलं असतं, पण बसलं असतं. संध्याकाळपर्यंत चालू झालं असतं. ती गाडी मग त्यानंच आधी चालवून बघितली असती, फाट्यापासून घाटाच्या तोंडापर्यंत आणि परत. हेही त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"वढंल," तो म्हणाला.

"मिस्तरी, आण्णा काय म्हणतील?" राधाकिशननं विचारलं.

"तू त्यांना विचारून ये."

राधाकिशन निघाला खरा, पण जायला गाडी नव्हती. तो पायीच गेला.

कासमनं दगडांच्या ओट्यावर जीपचं इंजन बसवलं. पिठाच्या गिरणीतून पट्टा आणवला आणि इंजन पंपाला जोडलं. इंजन तापू नये म्हणून पंपाच्याच पाण्याची एक नळी त्यातून फिरवली. डिझेल यारीच्या पिंपातून घेतलं. पहिल्यांदा पट्टा निसटला. दुसऱ्यांदा चालला. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग पाण्याची धार. टोळीतल्या बाया हंडे आणायला पळाल्या. कासमनं त्या पाण्यात हात धुतले आणि पडक्या बांधावर जाऊन बसला. हमीदा आली, शेजारी बसली. तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "नक्को सोचो जी." तो म्हणाला, "हौ." पण तो विचार करत राहिला.

सुंदररावांची गाठ राधाकिशनला पडलीच नाही. ते सभासद गोळा करत माजलगावच्या बाजूला फिरत होते. ते उगवले थेट रविवारी, कुणाच्या तरी फटफटीवर मागं बसून. सभा फाट्यावरच्या ढाब्याच्या मांडवात ठेवली होती. मांडवात आचारी सोडून कुणी नव्हतं. सभासद सगळे विहिरीवर होते, कारण आजूबाजूच्या वस्त्यांवरनं लोक पाण्याला आले होते आणि सभासद त्यातलेच होते. सुंदरराव तिथं गेले. आधी त्यांना आपली गाडी दिसली, तोंड नसलेली. मग ओट्यावर धडधडणारं जीपचं इंजन दिसलं. मग गर्दी दिसली.

त्यांचा चेहरा जरा बदलला आणि परत जागेवर आला. राजकारणात त्यांची हयात गेली होती.

"कुणाचं इंजन हे?" गर्दीतल्या एकानं मुद्दाम विचारलं.

"कारखान्याचं," बायनाबाई म्हणाली.

"म्हंजे आपलंच," सुंदरराव म्हणाले आणि एका दगडावर चढले. सहकार म्हणजे काय, हे त्यांनी तिथंच सांगितलं. इंजिनाच्या आवाजात भाषण कुणाला नीट ऐकू गेलं नाही. वार्षिक सभेला सभासद पुरेसे हजर असण्याची ती कारखान्याची पहिली वेळ होती. सगळे ठराव मंजूर झाले. कोणते, ते विचारायचं राहून गेलं.

लोक पांगल्यावर सुंदरराव कासमजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मिस्तरी, हे परत काढता येईल का?"

कासम बोलायच्या आत बायनाबाई म्हणाली, "काढा की, आण्णा. उचलायला यारी लागंल. यारी आमची हाय."

सुंदरराव हसले, आणि हसले ते खरंच हसले. "पुढच्या खेपेला तू संचालक मंडळात ये," ते म्हणाले. ती म्हणाली, "तिथं काय विहीर हाय का?"

जीपचं इंजन त्या विहिरीवर पुढचा पाऊस पडेपर्यंत चाललं आणि नंतरही चाललं. विजेचा खांब सावकाश आला. कारखान्याची पाटी एका वावटळीत पडली. ऊस माजलगावच्या धरणाखाली पिकायला लागला, कारखाने तिकडं उभे राहिले, आणि सुंदररावांनी राजीनामा दिला. कुणाकडं द्यायचा, हे ठरवण्यात मात्र थोडे दिवस गेले.

लाल गाडी ढकलत परत कासमच्या पत्र्याखाली आणली होती. तडकलेलं विलायती इंजन त्यानं उघडलं, एकेक भाग रॉकेलनं धुतला, कपड्यानं पुसला आणि फळीवर मांडला. ते दुरुस्त होणार नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं ते सगळं खोललं आणि आत काय कसं आहे ते बघून घेतलं. ट्रकवाले थांबून बघायचे. "कावून एवढं पुसलाव?" विचारायचे. कासम त्यांना चहा पाजायचा.

पुढं कधीतरी बीडच्या एका भंगारवाल्याकडं अँब्युलन्स झालेली जुनी अँबेसेडर आली. तिचं इंजन कासमनं आणलं. या वेळी पुली घरची होती. वरच्या अंगाचा बोल्ट त्यानं सगळ्यात आधी बघितला. बोनेटला भोक पाडावं लागलं नाही. थोडं ठोकून उचलावं लागलं, एवढंच. सुंदररावांना निरोप दिला. त्यांनी कळवलं, औरंगाबादचा एक माणूस गाडी घ्यायला येतोय, तोवर चालवून बघा.

कासमनं हमीदाला बोलावलं. ती पदर सावरत, जमिनीलगतच्या त्या सीटवर कशीबशी बसली. "पीछे कौन बैठता?" तिनं मागं वळून विचारलं. मागं काहीच नव्हतं. गाडी सुरू झाली. फाट्यावरची माणसं चहाचे पेले धरून बाहेर आली. राधाकिशन, जो तोवर एका ट्रकवर लागला होता, त्यानं उगीचच हॉर्न वाजवला.

घाटाच्या तोंडाशी पावसाळ्यानंतरची सीताफळं घेऊन बाया बसल्या होत्या. हमीदा म्हणाली, "रोको जी." तिनं एक पाटीभर सीताफळं घेतली. पाटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून मांडीवर घेतली. घाट उतरताना ती एकेक फळ फोडून अर्धं त्याच्या हातात देत होती. इंजिनाचा आवाज बरा होता. कासम एका हातानं गाडी चालवत होता आणि बिया रस्त्याच्या कडेला थुंकत होता.